पितळेवरचं बोट

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलेल्यांनीही पुढे यावं, कारण आवाज चढवून सांगायची ही गोष्ट नाही. एका भावाची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगणार आहे. हिच्यात राजा नाही की राणी नाही. राक्षस मात्र आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही; रोज सहा वेळा गुपचूप येऊन जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि बहिणीच्या कानात बोलतो. भाऊ समोर बसलेला असतो, त्याला ऐकू येत नाही. तुम्ही फक्त मन द्या, बाकी देवाची कृपा.

तर एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, हा भाऊ खिळेमोळे विकणाऱ्या एका दुकानात उभा होता. धंद्याने तो वजनकाटे तपासणारा तपासनीस. दुकानोदुकानी जायचं, आपली पितळी वजनं त्यांच्या काट्यावर ठेवायची, काटा खरं बोलला तर शिक्का मारायचा, खोटं बोलला तर जप्त करायचा. अठ्ठावीस वर्षं हेच. बाजारात त्याला काटेसाहेब म्हणत. तोंडावर आदराने, आणि पाठ वळली की जरा वेगळ्या सुरात. त्याने नेहमीप्रमाणे काउंटरवर मऊ कातडं पसरलं, पांढरे सुती हातमोजे चढवले आणि पेटी उघडली. हे मोजे काही रुबाबासाठी नव्हेत. उघड्या हाताचा घाम पितळेला लागला की डाग पडतो, काही आठवड्यांनी काळवंडतो, आणि डागाचंही वजन असतं. केसाइतकं असेल, पण असतं. म्हणून त्या पेटीतल्या वजनांना अठ्ठावीस वर्षांत माणसाचं कातडं लागलेलं नव्हतं. त्याने मखमलीच्या खाचेतून किलोचं वजन उचललं, उजेडात आलं, आणि काउंटरपलीकडून खिळेवाला म्हणाला, "काटेसाहेब, आज तुमच्याच वजनाला दृष्ट लागली वाटतं." "काय झालं?" "डाग आहे की. माझ्या वजनावर असता तर एव्हाना तुम्ही पंचनामा लिहायला घेतला असतात." त्याने वजन फिरवून पाहिलं. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला तीन बोटं, काळपट, सुकलेली. चार नाही, तीन. अर्ध्या किलोचं वजन काढलं, त्याच्यावरही तेच. अंगठा आणि तीन बोटं, करंगळी टेकलेलीच नाही. तो पाच वर्षांचा असताना त्याने रागाने दार आपटलं होतं, त्या दारात सापडून ताईची करंगळी कायमची ताठ झाली. शाळेत ती पियानो शिकवायची तेव्हाही ते बोट हवेत राहायचं. मुलांना वाटायचं, बाईंची ही ढब आहे. त्याने दोन्ही वजनं खाचेत ठेवली, पेटी मिटली. "आज तपासणी होणार नाही," तो म्हणाला. खिळेवाल्याचा चेहरा पडला. "अहो, म्हणजे मी पास की नापास?" "नापास तुम्ही नाही," तो म्हणाला, आणि मोजे काढायचे विसरून तसाच रस्त्यावर आला.

रस्ता नेहमीचाच होता. चाव्या करून देणारा त्याच्या टपरीत कानशी घासत होता, चौकातल्या दिव्याखाली माणसं थांबत होती, निघत होती. त्याच्या मनात मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: गुरुवार. गुरुवारी सकाळी दवाखाना. गुरुवारी पेटी घरी असते, कारण त्या दिवशी अर्धी रजा. सहा गुरुवार. डॉक्टरबाईंनी नियम घालून दिला होता की ताईने काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा तिला दाखवायचा नाही, सांगायचा नाही. आकडा म्हणजे या न जेवण्याच्या दुखण्याचं खाद्य. आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एका रेषेच्या खाली वजन गेलं तर घरी ठेवण्यात अर्थ नाही, वॉर्डात भरती करावं लागेल, हृदय दगा देतं. सहा गुरुवार नर्सने पाठमोऱ्या ताईच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहून डोळे मिटले होते, म्हणजे रेषेच्या वर आहे. सहा वेळा तो बाहेर येऊन बाकावर बसला होता आणि मनातल्या मनात देवाच्या पायावर डोकं ठेवलं होतं. नर्स ताईची जुनी विद्यार्थिनी. इतरांना ती पातळ सुती झगा घालायला लावायची, ताईला म्हणायची, "बाई, तुम्ही आहात तशाच उभ्या राहा हो, तुम्हाला काय कपडे बदलायला लावायचे." लहानपणी जिने आपल्याला सूर लावायला शिकवलं तिला कोण झगा घालायला लावील? आदर होता तो. माणसं अशीच फसतात, वाईटपणाने नाही.

आणि तो? तो कसा फसला? त्याचा तर हात होता. बाजारात पैजा लागत त्याच्या हातावर. कांद्याची पिशवी नुसती उचलून तो सांगायचा, दीड किलोला पन्नास कमी, आणि काटा तेच सांगायचा. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यावर ताईचा पाय घसरला तेव्हा त्याने तिला कमरेत धरलं होतं. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा त्याचा हात उगीचच वर गेला होता. हाताने तेव्हाच सांगितलं होतं. हात खोटं बोलत नव्हता. पण दोन दिवसांनी दवाखान्यातला काटा म्हणाला, रेषेच्या वर आहे, आणि त्याने हाताला गप्प बसवलं. तो काटा त्याने स्वतः तपासलेला होता, त्यावर त्याचाच शिक्का होता. जन्मभर दुकानदारांना सांगितलं होतं, हाताचं ऐकू नका, काट्याचं ऐका. दुसरं कुणी असतं, एखादा शिंपी, एखादा सुतार, तर हाताचं ऐकून बहिणीला त्याच दिवशी उचलून नेलं असतं. तो काट्याचा माणूस होता, म्हणून फसला. चालता चालता त्याला दिसलं की आपण अजून मोजे घालून आहोत आणि लोक बघतायत. त्याने ते काढले. तळहात घामाने भिजले होते.

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, ताई पंधराची. आई एक छोटी बॅग घेऊन वॉर्डात गेली, हात हलवला, आणि बॅग तेवढी परत आली. वडील फिरतीवर. ताईने पदर खोचावा तसं सगळं अंगावर घेतलं. त्याला न्हाऊ घातलं, पाढे पाठ करून घेतले, ताट वाढलं. वाढून झालं की समोर बसायची, हनुवटीखाली मूठ ठेवून. "तू?" तो विचारायचा. "तू जेव, माझं झालं." कधी "माझं नंतर." त्याला ते खरं वाटायचं. मोठ्यांचं झालेलं असतं, असंच त्याला वाटायचं. तो भातात दूध कालवायचा आणि ती बघायची, आणि तिच्या बघण्यानेच भात गोड लागायचा. आता पन्नाशीत, डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "हे कधीपासून?" तेव्हा तो तोंड उघडून बसला होता. आठवू गेला तर ताई घास घेताना असं एकही चित्र त्याला आठवेना. ती मळताना, ढवळताना, वाढताना, पुसताना दिसत होती. चाळीस वर्षं एका घरात, एका टेबलाशी, आणि जेवणारी ताई कुठेच नव्हती. दुकानदार काट्याखाली लोहचुंबक लावतो ते त्याला तीन हात दुरून कळायचं. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

संध्याकाळी ते समोरासमोर बसले. नियम असा होता: अर्धा तास, ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, जेवणाविषयी बोलायचं नाही, वजनाविषयी तर नाहीच. उकडलेला बटाटा, लोणी, भात, एक पेला दूध. ताई बटाट्याचे तुकडे करत होती, तुकड्यांचे तुकडे, मग त्यांची ओळ लावत होती, जणू स्वरलिपी लिहितेय. मनगटावरचं घड्याळ तिने कोपराजवळ चढवून बांधलं होतं, नाहीतर गळून पडायचं. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता आणि फ्रिजची घरघर. त्याला वाटलं, ही खोली आपण दोघांनी आतून बंद केलीय आणि किल्ली गिळलीय.

"काय बघतोयस?" ताई म्हणाली.

"कुठे काय."

"बटाट्याला कंटाळून माझ्याकडे बघतोयस."

"तू बटाट्यापेक्षा बरी दिसतेस."

"पुरे. लोणी लावायला लाग." ती हसली. मग काटा-चमचा खाली ठेवून, अगदी रोजच्या आवाजात तिने विचारलं, "आज कोण सापडलं, छोट्या?"

हा त्यांचा रोजचा खेळ. घास उतरावा म्हणून तो बाजारातल्या लबाड्या रंगवून सांगायचा. पोकळ वजनं, अंगठा टेकवणारा मासेवाला, ओल्या गोणीत साखर मोजणारा. ती ऐकता ऐकता हसायची आणि हसण्याच्या भरात दोन घास जास्त जायचे. आज ती विचारत होती आणि त्याच्याकडे थेट बघत होती, आणि तिच्या त्या बघण्याचा अर्थ त्याला लागला नाही. तोंडातला बटाटा घोळत राहिला. सांगावं? सांगितलं तर उद्या भरती, आणि त्याने तिला वचन दिलं होतं, पहिल्याच आठवड्यात तिने त्याचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "मला बॅग भरून पाठवू नकोस रे." तो म्हणाला होता, "जीव गेला तरी नाही." कुणाचा जीव, ते तेव्हा दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं. नाही सांगितलं तर पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचा, मग एक दिवस जिन्यावर.

"आज कुणी नाही सापडलं," तो म्हणाला.

"असं कसं? एकदम बाजार सुधारला?"

"हो. एकदम."

ताईने मान खाली घातली. त्याला उगाच वाटलं, तिची निराशा झाली. मग त्याने तो विचार झटकला आणि तिने दूध संपवेपर्यंत पावसाळी बुटांविषयी बोलत राहिला.

भांडी विसळून झाल्यावर तो पेटी घेऊन कपाटापाशी उभा राहिला. कपाटाला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती, कधी लावायची वेळ आली नव्हती. कुलूप लावलं तर उद्या काटा खरं बोलेल आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही. काट्यावर ढकलायचं, हात झटकायचे. हा विचार आला आणि त्याला स्वतःची किळस वाटली. न लावलं तर तिला सूट दिल्यासारखं. त्याने किल्ली फिरवली, उलटी फिरवली, पुन्हा फिरवली. आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, "काय खुडबूड चाललीय?" "कपाट बसत नाही नीट," तो म्हणाला. अखेर त्याने मोजे नीट घडी घालून पेटीत अगदी वर ठेवले, कपाट उघडं ठेवलं, आणि देवाला म्हणाला, मला काही सुचत नाही, तूच बघ. देव अशा वेळी काय करतो ते आपल्याला माहीत आहे. तो काम माणसाकडेच परत पाठवतो.

सकाळी ताई शाल गुंडाळून दाराशी उभी होती. त्याने पेटी उघडून पाहिली. किलोची खाच रिकामी, अर्ध्या किलोची रिकामी. मोजे होते तसे, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

ते चालत निघाले. ताईने त्याचा दंड धरला होता. दवाखाना तीन गल्ल्यांवर, पण ती प्रत्येक वळणावर थांबे, श्वास घेई, आणि दुकानाच्या काचेत काहीतरी बघतेय असं दाखवी. दवाखान्याच्या पायऱ्यांशी ती पुन्हा थांबली. कठड्याला धरून, वर न बघता म्हणाली, "छोट्या, तुझे मोजे पेटीतच असतात ना?"

"हो."

"वरच."

"हो, वरच."

"मग," ती म्हणाली, आणि शाल सावरली. एक पायरी चढली, मग दुसरी. तो खालीच उभा. तिला मोज्यांचा नियम माहीत नव्हता असं थोडंच होतं? नोकरीच्या पहिल्या दिवशी ती मोज्यांची जोडी तिनेच शिवून दिली होती. "बोट लागू देऊ नकोस हं, छोट्या," असं तिनेच बजावलं होतं. आणि सहा आठवडे ती उघड्या हाताने वजनं उचलत होती, न पुसता परत ठेवत होती. साऱ्या जगात एकच माणूस तो डाग वाचू शकत होता, आणि तो माणूस सहा आठवडे देवाचे आभार मानत बाकावर बसला होता. काल तिने विचारलं होतं, आज कोण सापडलं.

आतली खोली लहान, पांढरी, एका खिडकीची. नर्स म्हणाली, "या बाई. आज रंग छान दिसतोय." ताई काट्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिचं तोंड त्याच्याकडे झालं. शाल काढली, चपला काढल्या. नर्सने वाकून आकडा वाचला, कागदावर लिहिला, आणि ताईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून डोळे मिटले. ताईही त्याच्याकडेच बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. पंधरा वर्षांची ती हनुवटीखाली मूठ ठेवून बघायची, तशीच नजर, फक्त तेव्हा ती त्याच्या घासाकडे बघायची. आयुष्यात शेकडो माणसांच्या तोंडावर त्याने सांगितलं होतं की तुझं माप खोटं आहे. हात कापला नव्हता, आवाज कापला नव्हता. आता जीभ टाळूला चिकटली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, फडक्याचा आवाज येत होता.

"त्यातलं दीड किलो माझं आहे," तो म्हणाला.

नर्सला कळलं नाही. ती हसली. "म्हणजे?"

"लिहिलाय त्यातून दीड किलो वजा करा. ते सरकारी आहे. माझ्या पेटीतलं."

ताईने डोळे मिटले. तो वाट बघत होता की आता ती ओरडेल, वचन आठवून देईल, निघून जाईल. ती काट्यावरच उभी राहून स्वेटरखाली हात घालत होती. शिवलेला खिसा उसवल्याचा बारीक आवाज आला. मग एक वजन टेबलावर आलं, मग दुसरं, अंगठा आणि तीन बोटं, करंगळी हवेत. तिच्या पाठीमागे काट्याचा आकडा खाली गेला. तिने मागे वळून पाहिलं नाही. नर्सने तोंडावर हात ठेवला होता. "बाई," ती म्हणाली, "बाई, मी तुम्हाला झगा घालायला लावायला हवा होता."

"हवा होतास," ताई म्हणाली. "तुझं तालात नेहमी असंच व्हायचं. जिथे जोर द्यायचा तिथे सोडून द्यायचीस." आणि मग त्याच्याकडे वळून, "पुसून घे ती. डाग पडतील."

दुपारी बॅग त्यानेच भरली. हीच सगळ्यांत जड गोष्ट. तिचं वजन कुठल्या काट्यावर करणार? ताईचे कपडे, चष्मा, सुरांची वही. वॉर्डात ती पलंगावर बसून तासभर खिडकीकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "तू वचन दिलं होतंस." "हो," तो म्हणाला. "मोडलंस." "हो." तिने पांघरुणाची कड सरळ केली. "मला आत्ता तुझा फार राग आलाय. उद्याही असेल. तो कोण बोलतो माझ्या कानात, तो म्हणतो, याला घरात घेऊ नकोस." मग अगदी हळू, जणू त्या दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "छोट्या, खिसे शिवणारी मीच होते रे. आणि मोजे न घालणारीही मीच. दोघींतली कुठली टिकेल, मला माहीत नाही."

त्यालाही माहीत नव्हतं, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मलाही माहीत नाही. ताट आलं. भात, दूध, एक केळं. घरच्यांनी सोबत बसायला परवानगी होती, म्हणून नर्सने त्याच्यासाठीही एक ताट आणलं होतं. ताईने चमचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग सवयीने तिच्या तोंडून निघालं, "तू जेव. माझं..." आणि ती मध्येच थांबली. वाक्य तसंच अर्धं राहिलं. तिने त्यातला उरलेला शब्द गिळला आणि त्याच्यामागोमाग भाताचा एक घास, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. पन्नाशीच्या त्या माणसाने बहिणीला घास घेताना पाहिलं, आणि बघता बघता त्याचा स्वतःचा चमचा हवेतच राहिला.

डागाळलेली वजनं त्याने दुसऱ्या दिवशी कचेरीत जमा केली. ती पुन्हा वापरता येत नाहीत. नोंद करणाऱ्या बाईंनी विचारलं, "डाग कशाचा लिहू?" तो म्हणाला, "माणसाच्या हाताचा. एवढंच लिहा." तेव्हापासून रोज संध्याकाळी चारला तो वॉर्डात हजर, तिच्या समोरच्या खुर्चीत. चाळीस ताटं झाली असतील एव्हाना. काही परत गेली, काही अर्धी, दोन-तीन रिकामी.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. एक मागणं मागतो. आज घरी गेलात, ताटावर बसलात, आणि वाढणारं कुणी "माझं नंतर" म्हणालं, तर घास हातातच धरा, आणि काटेसाहेबांच्या त्या ताईची, हवेत राहणाऱ्या तिच्या करंगळीची, एकदा आठवण काढा. तिचं नाव मी सांगितलं नाही. देवाला नाव लागत नाही, तुम्हीही "ताई" एवढंच म्हणा.